विश्लेषण: पहिलाच अल्बम नंबर वन आणि तोच शेवटचा! ‘ब्लाइंड फेथ’ या सुपरग्रुपचं नेमकं काय झालं?

ब्रिटन आणि अमेरिका, दोन्ही देशांत अल्बम पहिल्या क्रमांकावर. लंडनमध्ये पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे एक लाख लोक. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खचाखच गर्दी. एखाद्या बँडला आणखी काय हवं? तरीही १९६९ चं वर्ष संपण्याआधीच ‘ब्लाइंड फेथ’ हा बँड संपला होता. मागे उरला सहा गाण्यांचा, जेमतेम ४२ मिनिटांचा एकच अल्बम.

रॉक संगीतात बँड फुटणं नवीन नाही. पण यशाच्या शिखरावर असताना, दुसरा अल्बम करण्याआधीच फुटलेला हा बँड आजही चर्चेत असतो. असं का झालं? आणि साडेपाच दशकांनंतरही तो अल्बम का ऐकला जातो? समजून घेऊया.

सुपरग्रुप म्हणजे काय?

आधीच नाव कमावलेले, वेगवेगळ्या बँडमधले कलाकार एकत्र येऊन नवा बँड करतात, तेव्हा त्याला ‘सुपरग्रुप’ म्हणतात. आपल्याकडच्या मल्टिस्टारर सिनेमासारखाच हा प्रकार. पोस्टरवर नावं मोठी, त्यामुळे पहिल्या दिवसाची तिकिटं विकली जाणार हे नक्की. पटकथा नंतर बघू!

आपल्याकडच्या जुगलबंदीशी याची तुलना करण्याचा मोह होतो. पण जुगलबंदीत राग आणि ताल आधीपासून दोघांच्या ओळखीचे असतात. रॉक बँडला स्वतःची गाणी लागतात आणि ती लिहायला, बसवायला वेळ लागतो. ‘ब्लाइंड फेथ’ची गोष्ट इथेच अडकली.

या बँडमध्ये कोण कोण होतं?

गिटारवर एरिक क्लॅप्टन, ड्रम्सवर जिंजर बेकर. दोघेही ‘क्रीम’ या गाजलेल्या त्रिकुटातले. क्रीमने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताला मोठ्या अॅम्प्लिफायरची ताकद दिली होती. ब्लूजचा नेहमीचा साचा साधा असतो: तीन कॉर्ड आणि बारा बारांचं एक आवर्तन. त्याच साच्यावर क्रीमचे कलाकार मंचावर दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं वाजवत राहायचे. यालाच पुढे ब्लूज रॉक म्हणून ओळख मिळाली. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम करून क्रीम थांबला. बेकर आणि बास वाजवणारा जॅक ब्रूस यांच्यातली भांडणं हे त्याचं एक मोठं कारण होतं.

तिसरा स्टीव्ह विनवूड. गायक, ऑर्गन-पियानो वाजवणारा आणि गिटारवरही तितकाच तयार. ‘स्पेन्सर डेव्हिस ग्रुप’मध्ये तो शाळकरी वयातच आला आणि सतराव्या वर्षी त्याच्या आवाजातलं गाणं ब्रिटनमध्ये नंबर वन होतं. पुढे तो ‘ट्रॅफिक’ या बँडमध्ये होता. १९६९ च्या सुरुवातीला तो त्यातून बाहेर पडला, तेव्हा त्याचं वय होतं फक्त २०.

चौथा रिक ग्रेच. ‘फॅमिली’ या बँडमधला बास आणि व्हायोलिन वादक. तो सगळ्यात शेवटी आला. त्यासाठी त्याने आपला बँड अमेरिका दौऱ्याच्या मध्येच सोडला.

मग सुरुवात कशी झाली?

सुरुवात अगदी साधी होती. इंग्लंडमधल्या अॅस्टन टिरॉल्ड या खेड्यात विनवूडचं घर होतं. तिथे क्लॅप्टन आणि विनवूड निवांत वाजवत बसायचे. क्लॅप्टनला तेव्हा क्रीमच्या लांबलचक सोलोंचा कंटाळा आला होता. ‘द बँड’ या गटाचा १९६८ चा पहिला अल्बम त्याने ऐकला होता. त्यात कोणी एकटा चमकत नव्हता, सगळे मिळून गाणं पुढे नेत होते. क्लॅप्टनला तसंच काहीतरी करायचं होतं.

मग एक दिवस बेकर तिथे आला आणि वाजवायला बसला. क्लॅप्टन कचरला. क्रीम संपून काही आठवडेच झाले होते. शिवाय क्रीममधले दोघे एकत्र आले की लोक त्याला ‘नवा क्रीम’ म्हणणार, हे त्याला कळत होतं. पण असा ड्रमर पुन्हा मिळणार नाही, असं विनवूडला वाटलं. अखेर क्लॅप्टन तयार झाला.

इथून पुढे दोन मित्रांचं घरगुती वाजवणं हा मोठा व्यवसाय झाला. बँडला अजून नावही नव्हतं, पण बातम्या सुरू झाल्या होत्या.

नाव आणि कव्हरचा वाद काय होता?

अल्बमच्या कव्हरसाठी छायाचित्रकार बॉब सायडमन यांनी जे चित्र तयार केलं, त्याला त्यांनी ‘ब्लाइंड फेथ’, म्हणजे ‘आंधळा विश्वास’ असं नाव दिलं होतं. तेच बँडचं नाव झालं. कव्हरवर मात्र एका अल्पवयीन मुलीचं आक्षेपार्ह छायाचित्र होतं. त्यावरून तेव्हाच वाद झाला आणि अमेरिकेत बँडच्या सदस्यांचा फोटो असलेलं वेगळं कव्हरही बाजारात आणावं लागलं. कलेच्या नावाखाली त्या कव्हरचं समर्थन करता येत नाही. अल्बमबद्दल बोलताना हा भाग वगळताही येत नाही.

गोष्ट बिघडली कुठे?

तारखा एका ओळीत मांडल्या की चित्र स्पष्ट होतं.

– फेब्रुवारी ते जून १९६९: लंडनमधल्या स्टुडिओंत रेकॉर्डिंग. निर्माता जिमी मिलर, जो त्याच काळात रोलिंग स्टोन्सचे अल्बमही करत होता.
– ७ जून: लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोफत कार्यक्रम. बँडचा हा पहिलाच कार्यक्रम.
– जूनचा मध्य: उत्तर युरोपात काही कार्यक्रम.
– १२ जुलै: मॅडिसन स्क्वेअर गार्डनपासून अमेरिका दौरा सुरू.
– ऑगस्ट: अल्बम बाजारात.
– २४ ऑगस्ट: हवाईमध्ये दौऱ्याचा शेवट.

म्हणजे अमेरिका दौरा आधी सुरू झाला आणि अल्बम नंतर आला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच! दौऱ्याच्या सुरुवातीला तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांनी या बँडचं एकही गाणं रेकॉर्डवर ऐकलेलं नव्हतं. त्यांना नावं माहीत होती आणि त्या नावांमागची जुनी गाणी माहीत होती.

आता गाण्यांचा हिशेब बघा. अल्बममध्ये सहा गाणी. त्यातलं ‘डू व्हॉट यू लाइक’ एकटंच सुमारे १५ मिनिटांचं. ते बाजूला ठेवलं तर उरलेली पाच गाणी मिळून २७ मिनिटंसुद्धा भरत नाहीत. हाइड पार्कमध्ये बँडने अल्बमसाठीची सहाही गाणी वाजवली आणि वेळ भरायला आणखी तीन घेतली. त्यात एक रोलिंग स्टोन्सचं होतं आणि एक विनवूडच्या जुन्या ट्रॅफिकचं.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हे चाचणी न करता थेट लाखभर युजर्ससाठी लाँच केलेलं अॅप होतं. नवा बँड सहसा छोट्या क्लबमध्ये वाजवतो, चुका करतो, नको ती गाणी गाळतो. ‘ब्लाइंड फेथ’ला ही मुभा मिळाली नाही. आपली तयारी पुरेशी झालेली नाही, हे क्लॅप्टनला हाइड पार्कमध्येच जाणवलं होतं.

प्रेक्षकांनी काय मागितलं?

क्रीम! अमेरिकेत मोठमोठ्या स्टेडियममध्ये लोक क्रीम आणि ट्रॅफिकच्या गाण्यांची फर्माईश करत. बँडनेही हळूहळू ती गाणी वाजवायला सुरुवात केली. टाळ्या मिळू लागल्या, पण ज्या कामाचा कंटाळा येऊन क्लॅप्टनने क्रीम सोडला, तेच काम पुन्हा सुरू झालं.

याच दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवणारा एक गट होता, ‘डेलनी अँड बॉनी अँड फ्रेंड्स’. नावाने लहान, पण एकत्र वाजवायची सवय असलेला. क्लॅप्टन आपल्या बँडऐवजी त्यांच्यासोबत बसमधून प्रवास करू लागला. मुख्य कलाकाराचं मन आधीच्या गटात रमलं, तेव्हाच या बँडचं भविष्य ठरल्यात जमा होतं. हवाईनंतर सगळे आपापल्या वाटेने गेले.

मग अल्बम फसला का?

नाही. आणि या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग हाच आहे.

मंचावर जे जमलं नाही, ते रेकॉर्डवर बऱ्याच अंशी जमलेलं आहे. ‘कान्ट फाइंड माय वे होम’ ऐका. जेमतेम सव्वातीन मिनिटांचं गाणं. अकूस्टिक गिटार, विनवूडचा उंच पट्टीतला आवाज आणि बेकरसारखा दणकट ड्रमर जवळजवळ कुजबुजल्यासारखा वाजवतो. लाखभर लोकांसमोर ओरडून सांगायचं हे गाणंच नाही.

‘प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड’ क्लॅप्टनने लिहिलं, पण गायला दिलं विनवूडला. संथ, प्रार्थनेसारखं सुरू होणारं हे गाणं मध्येच वेग पकडतं आणि वाह-वाह पेडलवरचा गिटार सोलो येतो. तो संपताच गाणं पुन्हा शांत होतं. सोलो गाण्यासाठी आहे, गाणं सोलोसाठी नाही. क्लॅप्टनला हवं होतं ते इथे सापडतं. ‘सी ऑफ जॉय’मध्ये ग्रेचचं व्हायोलिन येतं, तर ‘हॅड टू क्राय टुडे’मध्ये गिटारच्या एकाच तुकड्याभोवती पावणेनऊ मिनिटांचं गाणं उभं राहतं. ‘वेल ऑल राइट’ हे मूळचं बडी हॉलीचं १९५८ मधलं गाणं.

आणि शेवटी ‘डू व्हॉट यू लाइक’. बेकरने लिहिलेलं, पाच-पाच मात्रांच्या चक्रात फिरणारं. झपतालाची सवय असलेल्या कानांना पाचाची ही मोजणी पटकन लागते. पण इथे प्रत्येकाचा सोलो आहे आणि गाणं लांबत जातं. क्रीमची सवय सुटलेली नाही, हे इथे ऐकू येतं.

म्हणजे एकाच अल्बममध्ये दोन बँड आहेत. एक नवा, शांत, स्वतःची वाट शोधणारा. दुसरा जुना, टाळ्यांची सवय असलेला. दौऱ्याने दुसऱ्याला निवडलं. पहिल्याकडे वेळच नव्हता. मोठी नावं एकत्र आली म्हणून बँड फुटला, असं सहज म्हटलं जातं. पण हा अल्बम ऐकल्यावर ते पटत नाही. माणसं जुळत होती. त्यांना एकत्र मुरायला जो वेळ लागतो, तो आधीच तिकिटांच्या रूपात विकला गेला होता.

पुढे काय झालं?

बेकरने ‘जिंजर बेकर्स एअर फोर्स’ हा मोठा ताफा उभा केला. त्यात काही काळ विनवूड आणि ग्रेचही होते. विनवूडने १९७० मध्ये ट्रॅफिक पुन्हा सुरू केला आणि पुढे ग्रेचही त्यात गेला.

क्लॅप्टनने काय केलं, हे जास्त बोलकं आहे. तो डेलनी अँड बॉनीसोबत साधा साथीदार म्हणून वाजवू लागला. मग त्यांच्याच वादकांना घेऊन १९७० मध्ये त्याने नवा बँड केला आणि त्याला नाव दिलं ‘डेरेक अँड द डॉमिनोज’. त्यात ‘क्लॅप्टन’ हा शब्दच नव्हता! ज्याचं नाव विकून एक बँड संपला, त्याने पुढच्या बँडमधून नावच काढून टाकलं. ‘लैला’ हे गाणं याच बँडचं. त्यांचाही स्टुडिओ अल्बम एकच आला, हा आणखी एक योगायोग.

ग्रेचचं १९९० मध्ये आणि बेकरचं २०१९ मध्ये निधन झालं. पण त्याआधी, फेब्रुवारी २००८ मध्ये क्लॅप्टन आणि विनवूड पुन्हा एका मंचावर आले. सलग दोन-चार नव्हे, पण तीन कार्यक्रम आणि ठिकाण तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जिथून १९६९ चा दौरा सुरू झाला होता. यावेळी त्यांनी ‘ब्लाइंड फेथ’ची गाणीही वाजवली. श्रोत्यांना ती आता पाठ होती.

आज ऐकायचं असेल तर?

अल्बम स्ट्रीमिंग अॅपवर आहे. २००१ मध्ये आलेल्या विस्तारित आवृत्तीत त्या काळातले लांबलचक जॅमही आहेत. स्टुडिओतला किती वेळ नुसतं वाजवून बघण्यात जात होता, ते त्यातून कळतं. हाइड पार्कच्या कार्यक्रमाचं चित्रीकरणही २००६ मध्ये डीव्हीडीवर आलं.

पहिल्यांदाच ऐकत असाल तर ‘कान्ट फाइंड माय वे होम’पासून सुरुवात करा, मग ‘प्रेझेन्स ऑफ द लॉर्ड’ लावा. शक्यतो हेडफोनवर ऐका, कारण बेकर किती हळू वाजवू शकतो हे फोनच्या स्पीकरवर कळत नाही. पंधरा मिनिटांचं गाणं शेवटी ठेवा. बँडनेही ते शेवटीच ठेवलं होतं.