सात विषारी द्रव्ये आणि रद्द झालेला एक नियम

२० जून २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची स्वाक्षरी होऊन अमेरिकी काँग्रेसच्या एका संयुक्त ठरावाचे कायद्यात रूपांतर झाले आणि त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजेच ‘ईपीए’ने, सप्टेंबर २०२४ मध्ये विषारी वायुप्रदूषकांबाबत केलेला नियम रद्द झाला. ठरावावर सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४६, तर प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१२ अशी मते पडली होती. प्रशासनाने केलेला नियम लोकप्रतिनिधींनी मोडीत काढणे लोकशाहीत मुळीच गैर नाही. परंतु हा नियम कशासाठी होता आणि तो ज्या मार्गाने रद्द झाला त्या मार्गाने पुढच्या कोणत्या वाटा बंद होतात, हे समजून घेतल्याखेरीज या निर्णयाचे मोल ठरवता येत नाही.

अमेरिकेच्या १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यात १९९० साली व्यापक दुरुस्ती झाली, तेव्हा कर्करोग, मेंदूचे विकार किंवा जन्मजात व्यंग यांना कारण ठरू शकणाऱ्या वायुप्रदूषकांची सविस्तर यादी कायद्यातच घालण्यात आली. यादीतील एखादे द्रव्य वर्षाला १० टन, किंवा अशी अनेक द्रव्ये मिळून २५ टन बाहेर टाकण्याची क्षमता असलेला कारखाना ‘मोठा स्रोत’ ठरतो, तर त्याखालचा ‘क्षेत्रीय स्रोत’ मानला जातो. मोठ्या स्रोतांना सर्वांत कडक मानके लागू होतात आणि ती कागदावर कल्पिलेली नसतात. जुन्या कारखान्यांसाठी त्या उद्योगातील सर्वोत्तम १२ टक्के कारखान्यांनी प्रत्यक्षात साधलेली सरासरी पातळी हाच त्यांचा किमान पाया असतो.

या मानकांमुळे उत्सर्जन घटून एखादा कारखाना १० टनांच्या खाली आला, तर त्याने कडक मानकांच्या कक्षेत राहावे की बाहेर पडावे, हा वादाचा मूळ मुद्दा आहे. ‘एकदा आत, तर कायमचे आत’ हे धोरण ईपीएने १९९५ मध्ये स्वीकारले होते. ते २०१८ मध्ये मागे घेण्यात आले आणि २०२० मध्ये रीतसर नियम करून कारखान्यांना कोणत्याही वेळी वर्ग बदलण्याची मुभा देण्यात आली. २०२४च्या नियमाने ही मुभा सरसकट काढून घेतली नव्हती. पारा, शिशाची अल्किल संयुगे, बहुचक्रीय सेंद्रिय पदार्थ, हेक्झाक्लोरोबेंझिन, पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल आणि डायॉक्सिन व फ्युरान गटांतील प्रत्येकी एक संयुग, अशा सातच द्रव्यांशी संबंधित मानकांखाली आलेल्या मोठ्या स्रोतांना त्या मानकांतून सुटता येणार नाही, एवढीच त्याची मर्यादा होती.

ही सात द्रव्ये वेगळी काढण्यामागे शास्त्रीय कारण आहे. ती निसर्गात लवकर विघटित होत नाहीत आणि सजीवांच्या शरीरात साठत जातात. हवेतून पाण्यात उतरलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, तो लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तेथून माणसाच्या ताटात येतो व गर्भातील बालकाच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणतो. अशा द्रव्यांना टनांचे माप अपुरे पडते, हे ओळखूनच १९९०च्या काँग्रेसने या सातांची नावे कायद्यात स्वतंत्रपणे लिहिली आणि प्रत्येकाच्या एकूण उत्सर्जनापैकी किमान ९० टक्के उत्सर्जन मानकांच्या कक्षेत आणण्यास ईपीएला सांगितले. त्या दुरुस्तीच्या अंतिम मसुद्याला प्रतिनिधिगृहात ४०१ विरुद्ध २५ आणि सिनेटमध्ये ८९ विरुद्ध १० मते मिळाली होती.

नियमाच्या विरोधकांचे म्हणणे असे की, स्वतःच्या खर्चाने प्रदूषण घटवणाऱ्या कारखान्याला त्याचे काहीच फळ मिळाले नाही, तर आणखी घट करण्याची प्रेरणा उरत नाही. हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि नियंत्रणामुळे २ टनांवर आलेला कारखाना वर्ग बदलल्यावर पुन्हा ९ टनांपर्यंत गेला, तरी तो ‘क्षेत्रीय’च राहू शकतो, ही त्या युक्तिवादाची दुसरी बाजू आहे.

नियम रद्द करण्यासाठी वापरलेला १९९६चा काँग्रेस पुनरावलोकन कायदा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. एरवी सिनेटमध्ये चर्चा लांबवून विधेयक रोखता येते आणि तो अडथळा दूर करण्यास ६० मते लागतात. या कायद्याखालील ठरावाला मात्र साधे बहुमत पुरते. ठराविक मुदतीत आणायच्या या ठरावावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी लागते आणि आपल्याच प्रशासनाचा नियम कोणी सहसा रद्द होऊ देत नाही, म्हणून हे शस्त्र मुख्यतः सत्तांतरानंतर, आधीच्या सरकारच्या अखेरच्या महिन्यांतील नियमांवर चालते. पहिल्या वीस वर्षांत ते एकदाच, २००१ मध्ये, यशस्वी झाले. २०१७-१८ मध्ये त्याने १६ नियम रद्द झाले. त्याचे सर्वांत दूरगामी कलम असे की, रद्द झालेल्या नियमाशी ‘मूलतः समान’ असा नियम संबंधित संस्थेला नव्या कायद्याने अधिकार दिल्याशिवाय पुन्हा करता येत नाही.

भारतातही पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६च्या कलम २६ नुसार केंद्राचे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात आणि दोन्ही सभागृहे सहमत झाल्यास त्यांत बदल करू शकतात किंवा ते निष्प्रभ ठरवू शकतात. मात्र तसाच नियम पुन्हा करण्यास त्या कलमात मनाई नाही. नियमकर्त्यांवर लोकप्रतिनिधींचा अंकुश ठेवणे आणि नव्या शास्त्रीय पुराव्यानंतरही दार बंद ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

नियम चुकीचा वाटल्यास तो रद्द करण्याचा अधिकार विधिमंडळाला असलाच पाहिजे. पण जेथे मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, तेथे त्या अधिकारासोबत पर्यायी संरक्षण देण्याची जबाबदारीही येते, आणि दोन ओळींच्या ठरावाने ती पार पडत नाही. सात द्रव्यांची नावे अमेरिकेच्या कायद्यात आजही १९९० मध्ये लिहिली तशीच आहेत. त्यांच्या स्रोतांना मानकांच्या कक्षेत धरून ठेवणारा नियम मात्र आता अस्तित्वात नाही, आणि तो परत आणणे आता केवळ काँग्रेसच्याच हाती आहे.