पुस्तकांचें कपाट आणि सुताराची मजुरी

पुस्तकें विकत घेणारीं कुटुंबें आपल्यांत अजून पुष्कळ आहेत. परंतु त्या पुस्तकांकरितां मापाचें कपाट सुताराकडून करवून घेणारीं थोडीं. बहुतेक घरांत वाडवडिलांचा संग्रह कपड्यांच्या जुन्या कपाटांत, नाहीं तर माळ्यावरच्या ट्रंकांत पडलेला असतो. आणि वाडा पाडून त्या जागीं सदनिका बांधण्याची वेळ आली म्हणजे हीं पुस्तकें ठेवावयाचीं कोठें, हा प्रश्न सर्व भावांपुढें एकदम उभा राहतो. अशा वेळीं कोणी तरी हटकून म्हणतो, “रद्दींत घाला.” त्याच्याशीं वाद घालीत बसण्यापेक्षां सुतारास बोलावणें आम्हांस अधिक पसंत आहे. मात्र कपाट टिकणें न टिकणें हें लांकडाइतकेंच सुताराशीं आपण केलेल्या ठरावावर अवलंबून असतें, आणि ह्या ठरावाचा विचार फारच थोडे गृहस्थ करतात.

खेड्यांतील सुतार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. नांगर, कुळव नीट ठेवण्याबद्दल त्याला सुगीच्या वेळीं धान्य मिळे. नांगर शेतांत मोडला तर खोळंबा गांवाचा आणि दूषण त्याला, म्हणून काम पक्कें करण्यांत दोघांचेंही हित असे. आज पुण्यामुंबईंत कपाटाची मजुरी बहुधा दर्शनी भागाच्या चौरस फुटांवर ठरते. सहा फूट उंच व चार फूट रुंद कपाट म्हणजे २४ चौरस फूट. आंत फळ्या चार घाला कीं सात घाला, मध्यें उभा आधार द्या कीं देऊं नका, मजुरी तीच! म्हणजे आधार कमी ठेवण्याबद्दल आपणच सुतारास बक्षीस देतों, आणि पुढें फळी वांकली म्हणजे त्याच्याच नांवानें बोटें मोडतों.

फळी वांकते ती कशी, हें एकदां समजून घेतलें पाहिजे. पुस्तकांनीं गच्च भरलेल्या फळीवर दर फुटास सुमारें दहा किलो भार येतो. वर सांगितलेल्या कपाटांत सहा फळ्या असल्या तर एकंदर भार अडीच क्विंटलांच्या घरांत जातो. हा भार फळीभर सारखा पसरलेला असतां दोन आधारांमधील अंतर दुप्पट केलें तर वांक दुप्पट होत नाहीं, सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर तो एक-अष्टमांशावर येतो. दोन फुटांच्या अंतरावर पाऊण इंची सागाची फळी डोळ्यांना सरळच दिसते. तीच चार फुटांवर वांकलेली दिसते, आणि वर्षानुवर्षांच्या भारानें तो वांक आणखी वाढत जातो. भुसा दाबून केलेल्या फळीची तर गोष्टच नको. तिला भारही सोसत नाहीं आणि पाणीही सोसत नाहीं. फळीच्या पुढच्या कडेस खालून दीड इंचाची उभी पट्टी जोडली तर पुष्कळ काम भागतें. परंतु अडीच फुटांवर उभा आधार हवाच.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत ह्याच आधारावरून तंटा झाला. मिस्त्री राजस्थानकडचा, कामांत मुरलेला. तो म्हणे, मध्यें उभी फळी घालतों, पण तिची मजुरी वेगळी द्या. घरांतील वडीलधाऱ्यांना वाटलें, हा पैसे वाढविण्याचा डाव आहे. शिवाय आधारानें कपाटाची शोभा जाते. त्यांच्या सूनबाईंनीं वाद केला नाहीं. चार फुटांची एक फळी दोन स्टुलांवर ठेवून तिच्यावर केतकरांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकीं मावले तेवढे त्यांनीं मांडले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं फळीच्या खालच्या कडेला दोरी ताणून धरली. “मामंजी, मधल्या ठिकाणीं दोरी पहा,” एवढेंच त्या बोलल्या. मामंजींनीं चष्मा लावून पाहिलें, मिस्त्रीला चहा देण्यास सांगितलें, आणि आधाराची मजुरी कबूल केली.

आतां लांकडाविषयीं. सागवान घनफुटावर विकत मिळतें, पण साग म्हणून जें जें येतें तें सारखें नसतें. चंद्रपूर-गडचिरोलीकडील जुन्या झाडाचा गाभा वाळवीस दाद देत नाहीं. सालीलगतच्या पांढुरक्या भागास मात्र वाळवीही लागते व भुंगाही. म्यानमारनें २०१४ सालीं ओंडक्यांची निर्यात बंद केली. आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील लागवडीचा सागही आपल्या वखारींत येतो. त्यांत कोंवळ्या झाडांचें लांकूड पुष्कळ, म्हणून पांढुरका भागही अधिक. वखारींत सुताराबरोबर स्वतः जावें व फळीच्या दोन्ही कडा पाहाव्या. आणखी एक: लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आटतें, तें रुंदींत, लांबींत जवळजवळ नाहीं. म्हणून दाराच्या चौकटीचे सांधे कुसू व खोबण यांचे पक्के असावे, पण मधली फळी खाचेंत सैल बसवावी. ती सरसानें किंवा फेविकॉलनें चिकटवून टाकली कीं दोन-तीन वर्षांत तडकलीच म्हणून समजावें.

मापें पुस्तकांवरून घ्यावीं, भिंतीवरून नव्हे. डेमी आकाराच्या पुस्तकास साडेआठ इंच उंची लागते. कोश व दिवाळी अंक यांना त्याहून अधिक. खोली दहा इंच पुरे. पंधरा इंच केली तर पुस्तकांची दुसरी रांग मागें जाते, आणि मागची रांग कोणी वाचीत नाहीं. रुमालांत बांधलेल्या पोथ्या आडव्या राहतात, त्यांना कमी उंचीचा निराळा कप्पा ठेवावा. कपाट जमिनीपासून चार इंच उचललेलें व भिंतीपासून दोन इंच सुटें असावें, म्हणजे ओल लागत नाहीं व वाळवीची माती वेळेवर दृष्टीस पडते. कांचेचीं दारें लावलीं तर वर-खालीं हवेस वाट ठेवावी. कोंकणांत ही वाट नसेल तर वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवूनही बुरशी चुकत नाहीं.

ठराव लेखी असावा. त्यांत फळ्यांची जाडी, आधारांमधील अंतर आणि फळ्यांची संख्या लिहावी, व मजुरी चौरस फुटावर न ठरवितां ह्या सर्व कामाची मिळून ठरवावी. लांकूड आपण आणून द्यावें, म्हणजे त्यांत काटकसर करण्याचें कारण सुतारास उरत नाहीं. पैसे तीन हप्त्यांत द्यावे: सांगाडा उभा राहिल्यावर, दारें बसल्यावर आणि पॉलिश झाल्यावर. कांहीं गृहस्थ ‘पाऊस होऊन जाऊं द्या, मग पाहूं’ असें म्हणून शेवटचा हप्ता अडकवून ठेवतात. तें आम्हांस मान्य नाहीं. सुताराच्या घरची चूल पावसाळ्यांतही पेटते. काम झालें त्या दिवशीं पैसे पुरे करावे, आणि श्रावणांत दारें घट्ट झालीं तर रंधा मारावयास येण्याचा त्याचा दिवसाचा रोज आधींच निराळा ठरवून ठेवावा.