भाजीच्या पिंपात पूर्वी काय होते?

भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. कारखान्याच्या नगरीत ज्या क्वार्टरांना अंगण आहे, तेथे भाजीची सोय सहज होते. वरच्या मजल्यांवरील कुटुंबांना मात्र गच्ची किंवा सज्जावर भागवावे लागते. कुंड्यांचा खर्च वाचवायचा तर जुनी पिंपे, रंगाचे डबे, प्लास्टिकचे कॅन असे हाताशी येईल ते मातीने भरले जाते. अशा वेळी पात्र कशाचे बनले आहे, याहून त्यात पूर्वी काय साठवले होते हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

प्लास्टिकचेच उदाहरण घ्यावे. तळाशी त्रिकोणात 2 किंवा 5 हा आकडा असलेले प्लास्टिक अन्नासाठी वापरले जाते, म्हणून ते निर्धोक समजले जाते. परंतु 2 क्रमांकाच्या प्लास्टिकचे कॅन आम्ले व कीटकनाशके भरण्यासही वापरतात. कीटकनाशकाचा काही अंश प्लास्टिकच्या भिंतीत मुरतो. तीनदा विसळूनही तो पूर्णपणे जाईल याची खात्री नसते. कीटकनाशकांची रिकामी पात्रे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांत सांगितले आहे. त्यात कोथिंबीर लावणे हा पुनर्वापरच होय.

रंगाच्या डब्यांची गोष्टही अशीच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीचे डबे आणि लोखंडी सामानाला लावायच्या औद्योगिक रंगांचे डबे भाजीसाठी घेऊच नयेत. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही आणि बालकांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मृदा आरोग्य पत्रिकेतील बारा घटकांत सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, जस्त इत्यादींचा समावेश आहे, शिशाचा नाही. त्यामुळे पत्रिका चांगली आली म्हणून डबा निर्दोष ठरत नाही.

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा त्या मानाने बरा. तो गंजतो, पण गंज ही अपायाची बाब नव्हे. डबा लवकर निकामी होतो, इतकेच. खरी अडचण उन्हाची. छत्तीसगडच्या मे महिन्यात पत्रा इतका तापतो की कडेची मुळे करपतात. डब्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. कुंभाराची न रंगवलेली मातीची कुंडी याबाबतीत उजवी आहे. तिला पाणी मात्र वरचेवर द्यावे लागते. कन्हार माती एकटीच भरल्यास निचरा होत नाही, म्हणून तिच्यात वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. पालेभाज्यांना 15 ते 20 सेंटिमीटर, तर वांगी-टोमॅटोला किमान 30 सेंटिमीटर खोली हवी.

पात्राचा पूर्वेतिहास कळत नसेल तर त्यात झेंडू लावावा. पालेभाज्या आणि मुळा-गाजरासारखी कंदमुळे शिसे अधिक घेतात. लालभाजी किंवा अमारी, म्हणजेच आपली अंबाडी, अशा पिंपात नको. त्यातील मातीही पुढे दुसऱ्या कुंडीत मिसळू नये.