दोरी बांधलेला बाण

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी तिरंदाजीतले जगज्जेते झाले. अंतर ५० मीटर. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले, म्हणजे पंधराच्या पंधरा बाण ८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात. दोघांच्या हातात होतं ते कंपाउंड धनुष्य. अदिती त्या वेळी सतरा वर्षांची होती, आणि तिचा सराव साताऱ्यात उसाच्या शेतात उभारलेल्या अकादमीत झाला होता. मराठी घरांमध्ये कंपाउंड हा शब्द पोचला तो या मुलांमुळे.

याच यंत्राची एक दुसरी जुळणीही आहे. उथळ पाण्यातला मासा टिपण्यासाठी हे धनुष्य वेगळ्या पद्धतीने सज्ज करतात. अमेरिकेत त्याचे मोठे चाहते आहेत, आणि त्यांचे व्हिडिओ आता राहुरीत काय नि शेवगावात काय, कुणाच्याही मोबाइलवर दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, खेळातलं धनुष्य उचलावं, बाणाला दोरी बांधावी आणि धरणाच्या काठाला उभं राहावं. एवढ्या चुकीने माणूस डोळा गमावू शकतो. तिकडे अशा अपघातांत जीवही गेले आहेत. मुळा, जायकवाडी, उजनी यांच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या वाचकापुढे ही जुळणी नीट मांडायची, ती याच कारणासाठी.

आधी यंत्र समजून घेऊ. बांबूच्या कामठ्याची दोरी जितकी मागे ओढाल तितकी ती जड होत जाते. सगळ्यात जास्त भार येतो तो नेमक्या त्या क्षणी, जेव्हा नेम धरून स्थिर राहायचं असतं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवून ही अडचण सोडवली. १९६६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात ते मिळालं. कप्पीचा आस मध्यावर नसतो, बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे दोरी ओढताना भार आधी चढतो, काही काळ टिकतो आणि शेवटी एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. आजच्या धनुष्यांत तो साधारण ६५ ते ८५ टक्के असतो. साठ पाउंडांचं, म्हणजे सुमारे २७ किलो ओढीचं धनुष्य ८० टक्के उतारानंतर साडेपाच किलोंवर येतं. मग तिरंदाज श्वास सावरून, भिंगातून बघत, निवांत नेम धरतो. ओजसच्या त्या १५० गुणांमागे त्याची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, तशी ही सरकवलेल्या आसाची कल्पनाही आहे.

माशाच्या बाबतीत हा निवांतपणा मिळत नाही. सावली हलते, पाठ चमकते, आणि सेकंदा-दोन सेकंदांत सगळं संपतं. शिवाय बाण परत आणायचा असतो, म्हणून त्याला दोरी असते. माझ्या मते या जुळणीचं सगळं मर्म त्या दोरीत आहे. बाण मोकळा असतो तोवर धनुष्याचे नियम वेगळे. त्याला दोरी बांधली की प्रत्येक भाग नव्याने तपासावा लागतो, आणि मैदानावर जी गोष्ट गुणाची ठरते ती इथे दोषाची ठरू शकते.

धनुष्य निवडण्यापासूनच हे जाणवतं. मासेमारीसाठी महागडं, वेगवान धनुष्य लागत नाही. ३५ ते ४५ पाउंड ओढीचं, लांबीने जास्त आणि लेट-ऑफ कमी किंवा अजिबात नसलेलं धनुष्य बरं. जास्त लेट-ऑफचं धनुष्य पूर्ण ओढल्याशिवाय नीट चालत नाही. अर्ध्यात सोडलं तर हाताला हिसका बसतो आणि बाण भरकटतो. मासेमारीसाठी खास बनवलेल्या धनुष्यांच्या कप्प्या अशा घडवतात की ओढ जवळजवळ सारखी राहते आणि बाण कुठल्याही टप्प्यावर सोडता येतो. लांबीचं कारण बोटांत आहे. खेळाडू धनुष्याची दोरी ओढायला रिलीज नावाचं यंत्र वापरतात. मासेमार मात्र थेट बोटांनी ओढतात, आणि धनुष्य आखूड असलं तर पूर्ण ओढीला दोरीचा कोन इतका तीव्र होतो की बोटं चिमटली जातात. बोटांनी ओढताना दोरी वाकडी झाली तर ती कप्पीच्या खाचेतून निसटूही शकते. बोटांसाठी या दोरीवर रबरी नळ्याही चढवतात; बोटं ओली असली तरी त्यांवर पकड राहते.

जुनं धनुष्य कमी ओढीवर आणायचं असेल तर वरची आणि खालची पाती मधल्या दांड्याला जोडणारे दोन्ही बोल्ट सारख्याच फेऱ्यांनी सैल करायचे. एक बाजू जास्त सैल झाली की दोन्ही कप्प्यांचा मेळ बिघडतो. कंपनीने ठरवून दिलेल्या फेऱ्यांच्या पुढे तर जायचंच नाही, कारण कंपाउंड धनुष्य नुसतं खुंटीवर असतानाही ताणलेलं असतं. त्याची दोरी किंवा केबल काढायला दाबयंत्र लागतं. पकड आणि पाना घेऊन घरी हा उद्योग केला तर पाती सुटतात आणि तोंडावर येतात. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

मग जे नको ते उतरवायचं. नेम धरायची साइट, दोरीतलं बघायचं छिद्र म्हणजे पीप, बाण ज्यावर टेकतो तो, सुटताच खाली पडणारा नाजूक रेस्ट, पुढचा तोल सांभाळणारा लांब स्टॅबिलायझर, सगळं जातं. स्टॅबिलायझर निघाल्यावर मुठीच्या पुढे आट्यांचं एक छिद्र मोकळं राहतं, आणि बाणाच्या दोरीच्या काही रिळी तिथेच बसवतात. रेस्टच्या जागी छोट्या रुळांचा किंवा बाणाला चहूबाजूंनी धरून ठेवणारा साधा, दणकट रेस्ट येतो. होडीतून वा बांधावरून नेम खाली धरायचा असतो, तेव्हा बाण घसरून पाण्यात पडता कामा नये. याच कारणाने धनुष्याच्या दोरीवर बाणाची खाच जिथे बसते तिथे वर आणि खाली घट्ट गाठी मारतात. काटकोनाने मापून ती जागा एकदा पक्की केली की पुन्हा हलवायला लागत नाही.

बाण बघितला तर फरक डोळ्यांत भरतो. मैदानावरचा कार्बनचा बाण जेमतेम २५ ग्रॅमचा. माशाचा बाण भरीव फायबरग्लासचा, साधारण ९० ग्रॅमचा. पिसं बहुधा नसतातच, कारण त्याला जायचं असतं काही हात हवेतून आणि मग पाण्यातून. पाणी हवेपेक्षा आठशे पटींनी दाट. तिथे वेग टिकत नाही, वजनाचा जोर टिकतो. तोही तीन-चार फुटांनंतर झपाट्याने ओसरतो. टोकाला उलटे काटे असतात. आत शिरताना ते मिटून राहतात, मागे ओढताना उघडतात, आणि टोक फिरवलं की उलटे वळून माशातून बाण काढता येतो.

आता ती दोरी. नवशिका माणूस ती बाणाच्या मागच्या छिद्रात ओवून गाठ मारतो, कारण तेच सोपं दिसतं. बाण पूर्ण ओढला की ही दोरी धनुष्याच्या मागे येते आणि प्रत्यंचा, केबल, मनगट यांच्या जवळ लोंबते. सोडताना ती कशातही अडकली तर ९० ग्रॅमचा काटेरी बाण काही फुटांवर गचका खाऊन थांबतो आणि आला त्या वाटेने परततो. समोर तुमचा चेहरा असतो. यावर साधा, स्वस्त आणि पक्का उपाय आहे तो सेफ्टी स्लाइडचा. बाणाच्या दांड्यावर सरकणारी ही एक कडी. दोरी तिला बांधतात. बाण ओढताना कडी रेस्टच्या पुढेच राहते, त्यामुळे दोरी धनुष्याच्या मागे येतच नाही. बाण सुटला की कडी दांड्यावरून सरकत मागच्या अडणीला लागते आणि दोरी बाणामागून सरळ जाते. बाकी सगळ्या जुळणीत तडजोड चालेल. धनुष्य जुनं असो, रेस्ट साधा असो. स्लाइड नसेल तर बाण सोडायचा नाही.

रिळीचे प्रकार तीन. सगळ्यात जुना म्हणजे गोल चक्रावर दोरी हाताने गुंडाळायची. तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नसतं. दुसऱ्यात दोरी बाटलीसारख्या डब्यात सैल पडलेली असते, बाणामागून विनाअडथळा निघते आणि मग हँडल फिरवून आत ओढायची. तिसरी गळाच्या काठीवरची बंद तोंडाची रीळ. ती सगळ्यात जलद, पण बाण सोडण्यापूर्वी तिचं बटण दाबावं लागतं. विसरलात तर दोरी अडकलेलीच असते, आणि बाण माघारी येण्याचा तोच धोका उभा राहतो. शिकणाऱ्याने बाटलीची रीळ घ्यावी असं मला वाटतं. दोरी विणलेली, दोनशे पाउंड ताणाची असावी. गळाची पारदर्शक नायलॉन तंगूस इथे चालत नाही, कारण ती ताणली जाते आणि ताण सुटताच बाणाला मागे खेचते.

जुळणी झाली तरी नेम उरतोच, आणि तो डोळ्यांवर विश्वास ठेवून लागत नाही. द्रौपदीच्या स्वयंवरातल्या कथेत मासा वर फिरत होता आणि अर्जुन खाली पाण्यातलं प्रतिबिंब बघत होता. इथे मासा खरोखरच पाण्यात असतो, पण दिसतो त्या जागी नसतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. सरळ वरून पाहिलं तर चार फूट खोल असलेला मासा तीन फुटांवर दिसतो. तिरकं पाहिलं तर फसगत आणखी वाढते. म्हणून बाण नेहमी दिसणाऱ्या माशाच्या खाली मारायचा. मासेमारांचा ढोबळ नियम असा, की मासा दहा फुटांवर आणि एक फूट खोल असेल तर चार इंच खाली. अंतर किंवा खोली दुप्पट झाली तर हा फरकही दुप्पट धरायचा. ध्रुवित काचांचा चष्मा पाण्यावरची चकाकी कापतो. तो नसेल तर दुपारच्या उन्हात पाण्यातलं काहीच दिसत नाही. सरावासाठी मासा लागत नाही. उथळ, मातीच्या तळाच्या शेततळ्यात मालकाच्या परवानगीने एखादी बुडवलेली बाटली ठेवावी आणि दिसतं त्याच्या खाली मारायची हाताला सवय लावावी. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं मात्र टाळा. एका बाणाने शेतकऱ्याचं वर्षभराचं पाणी जाईल.

धनुष्य तयार झाल्यावर प्रश्न येतो तो कुठे आणि कोणता मासा, याचा. मला तो जुळणीहून मोठा वाटतो. अमेरिकेत हा प्रकार वाढला त्यामागे तिथली माशांची परिस्थिती आहे. युरोपातून नेलेला कॉमन कार्प आणि आशियातून नेलेले चंदेरा व गवत्या हे कार्प तिथल्या नद्यांत इतके माजले की त्यांना मारणं हे नदीच्या भल्याचं काम समजलं जातं. इलिनॉय नदीत तर मोटारबोटीच्या आवाजाने चंदेरा हवेत उड्या मारतात आणि लोक त्यांना उडतानाच टिपतात. तोच कॉमन कार्प आपल्याकडे सायप्रिनस म्हणून विकला जातो. चंदेरा आणि गवत्या १९५९ मध्ये भारतात आणले गेले ते मुद्दाम, मत्स्यशेतीसाठी. तिकडे नकोसा असलेला मासा इकडे एखाद्या कुटुंबाची मिळकत असतो.

आपल्या जलाशयांमध्ये मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो. त्यांचे सभासद कटला, रोहू, मृगळाची बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडतात आणि ती वाढायची वाट बघतात. काठावरून येऊन त्यातला मोठा रोहू टिपणं म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरून कणसं तोडणं. जायकवाडीच्या जलाशयाचा शेवगाव-नेवाशाकडचा भाग पक्षी अभयारण्याशी जोडलेला आहे, आणि भंडारदऱ्याभोवतीचं बरंच रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. दोन्ही १९८६ पासून. तिथे धनुष्य घेऊन जाण्याचा विचारही करू नये. गळाला लागलेला मासा परत सोडता येतो. बाण लागलेला सोडता येत नाही. म्हणून मासा ओळखल्याखेरीज बाण सुटता कामा नये, आणि गढूळ पाण्यात ओळख पटत नाही.

पावसाळ्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिल्या जोराच्या पावसात ओढ्यांना पाणी आलं की चढणीचे मासे अंडी घालायला उथळात, थेट भातखाचरांपर्यंत येतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात लोक तेव्हा काठ्या-कोयते घेऊन उतरतात. धनुष्यवाल्याला याहून सोपी संधी वर्षभरात मिळणार नाही, आणि याहून वाईट शिकारही नाही, कारण तेव्हाची प्रत्येक मादी पोटात अंडी घेऊन आलेली असते. आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून महाशीर पिढ्यान्पिढ्या राखले गेले आहेत.

मग हे यंत्र आपल्याकडे निरुपयोगीच का? तसं मला वाटत नाही. १९५२ मध्ये आलेली चिलापी उजनीत स्थानिक माशांच्या जागा बळकावून बसली आहे. तिला मासेमारांनी बाजार मिळवून दिला, हे खरं. काचेच्या टाक्यांतून सुटलेला सकर मासा मात्र कुणालाच नको असतो. तो जाळी फाडतो आणि विकलाही जात नाही. बंदी असलेला आफ्रिकन मांगूर तळ्यांतून निसटून नदीत गेला तर दिसेल ते खातो. असे मासे काढायला एखाद्या संस्थेला मदत हवी असेल, पाणी नितळ असेल आणि धनुष्य नीट जुळवलेलं असेल, तर त्याचा उपयोग आहे. कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी याची चाचणी मत्स्यव्यवसाय विभाग आणि तिथल्या संस्थांनी मिळून घ्यावी. कुणी हौशी माणूस रात्री टॉर्च घेऊन उतरण्याआधी नियम ठरले तर ते सगळ्यांच्या हिताचं आहे.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांनी सुरुवात मैदानावर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली करावी. पाण्याकडे जाण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना भेटून लेखी परवानगी घ्यावी. बाणावर स्लाइड आहे का हे दर वेळी हात लावून तपासावं. आणि जून ते सप्टेंबर धनुष्य घरीच ठेवावं.