अडखळणारे इंजिन : जुन्या मोटारीच्या एका विकाराची मीमांसा

मोटार उभी असताना इंजिन संथपणे चालते. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने जातानाही त्याबद्दल तक्रार नसते. परंतु पुढच्या मालमोटारीला ओलांडण्यासाठी चालकाने अॅक्सलरेटर दाबला की इंजिन क्षणभर गप्प राहते, एक-दोन आचके देते आणि मग वेग घेते. हा विलंब अर्ध्या सेकंदाचा असला, तरी ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात 8 मीटरांहून अधिक अंतर तोडते. समोरून दुसरे वाहन येत असेल तर या अंतराचे मोल काय, हे सांगावयास नको. तेव्हा या विकाराकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

अशा गाडीचे प्लग बहुधा प्रथम बदलले जातात. गुण आला नाही म्हणजे कॉइल आणि शेवटी सबंध कार्ब्युरेटर. खर्च वाढत जातो आणि दोष कोठे होता हे मात्र कळत नाही. वास्तविक हा विकार कोणत्या क्षणी प्रकट होतो, याचे नीट निरीक्षण केल्यास त्याचे मूळ पुष्कळ अंशी उघड होते. उदाहरणादाखल आपण अॅम्बेसेडर ही गाडी घेऊ. मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरून घडविलेल्या या गाडीचे कोलकात्याजवळील उत्तरपारा येथील उत्पादन 2014 साली थांबले. पण तिच्या 1489 घन सेंटिमीटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाच्या जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारी मंडळी आजही आहेत.

हवा आणि पेट्रोल यांची शर्यत

पेट्रोल पूर्णपणे जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे 14.7 पट हवा लागते. हे प्रमाण राखणे हे कार्ब्युरेटरचे काम होय. वेग स्थिर असताना ते कठीण नाही. परंतु थ्रॉटलची झडप एकाएकी उघडली की हवा तत्काळ आत धावते, आणि तिच्याहून कितीतरी जड असलेले पेट्रोल मागे पडते. शिवाय झडप उघडताच आतील नळीतले शोषण कमी होते, त्यामुळे पेट्रोलचा काही भाग वाफेच्या रूपात न राहता नळीच्या भिंतींना चिकटतो. परिणामी सिलिंडरमध्ये पोचणारे मिश्रण क्षणभर विरळ होते आणि विरळ मिश्रण नीट पेट घेत नाही. इंजिन अडखळते ते यामुळे.

ही उणीव भरून काढण्याचे दोन मार्ग आहेत. अनेक कार्ब्युरेटरांत एक लहानसा पंप असतो. पाय दाबताच तो पेट्रोलची बारीक धार सोडतो. जुन्या अॅम्बेसेडरवरील एसयू कार्ब्युरेटरची रीत निराळी आहे. ‘स्किनर्स युनियन’ या नावाच्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रात इंजिनाच्या शोषणाने वर उचलला जाणारा एक दट्ट्या असतो. त्याच्या तळाशी निमुळती सुई असून ती जेटमध्ये उतरलेली असते. दट्ट्या वर गेला की हवेची वाट रुंदावते आणि सुईभोवतीची फटही मोठी होऊन पेट्रोल अधिक येते. दट्ट्याच्या पोकळ दांड्यात थोडे तेल घातलेले असते. ते त्याला एकदम उसळू देत नाही. तो हळूहळू चढत असताना हवेची वाट अरुंदच राहते, हवा जेटवरून जोराने वाहते आणि आवश्यक तेवढे जास्त पेट्रोल ओढून घेते. हे तेल संपले, की दट्ट्या उसळतो, मिश्रण विरळ होते आणि गाडी आचके देऊ लागते. चमचाभर तेलाअभावी उद्भवलेल्या दोषासाठी नवा कार्ब्युरेटर विकत घेण्याचा प्रसंग येतो तो असा.

लक्षणांवरून निदान

निदान करणाऱ्याने प्रथम काही प्रश्न विचारावेत. पाय एकाएकी दाबला तरच इंजिन अडखळते, आणि सावकाश दाबल्यास नाही, असे असेल तर दट्ट्यातील तेल किंवा पंप यांचा संशय घ्यावा. लांब चढणीवर काही वेळाने शक्ती कमी होत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा असण्याचा संभव अधिक. सर्वच वेगांत अनियमित झटके बसत असतील, तर ठिणगीकडे वळावे. इंजिन गरम असताना चोक किंचित ओढून पाहावा. तेवढ्याने अडखळणे थांबले, तर मिश्रण विरळ होते असे समजण्यास हरकत नाही. प्लगचे टोकही बोलके असते : फिकट तपकिरी रंग प्रकृती ठीक असल्याचे सांगतो, पांढुरकेपणा विरळ मिश्रण सुचवितो आणि काजळी दाट मिश्रण.

तपासणीचा क्रम

ठिणगीतील दोष पुष्कळदा कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. म्हणून आरंभ तेथून करावा. या इंजिनात पॉइंटमधील अंतर सुमारे 0.35 ते 0.40 मिलिमीटर आणि प्लगमधील सुमारे 0.6 मिलिमीटर असावे. पॉइंटचे अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते, यास्तव आधी अंतर आणि मग वेळ हा क्रम मोडू नये. डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूस असलेल्या चपट्या डबीत एक पातळ पडदा असतो. इंजिनाच्या शोषणानुसार तो ठिणगीची वेळ अलीकडे ओढतो. तिची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने हवा ओढावी. आतील पट्टी हलली नाही किंवा हवा सहज येत राहिली, तर पडदा फाटला आहे असे जाणावे.

यानंतर हवेची गळती शोधावी. कार्ब्युरेटरखालील गॅस्केट आणि रबरी नळ्या यांतून शिरणारी चोरटी हवा मिश्रण विरळ करते. मग पेट्रोलची गाळणी स्वच्छ करावी. शेवटी दट्ट्या बोटाने उचलून सोडावा. तो मोकळेपणाने खाली येऊन टक् असा आवाज झाला पाहिजे. वरची टोपी काढून तेल पाहावे आणि कमी असल्यास 20 क्रमांकाचे पातळ इंजिन ऑइल घालावे. पंप असलेल्या कार्ब्युरेटरची परीक्षा निराळी : इंजिन बंद ठेवून, एअर क्लीनर काढून, हाताने थ्रॉटल उघडावा. पेट्रोलची स्पष्ट धार दिसली नाही, तर पंपाचा पडदा फाटला आहे किंवा बारीक छिद्र तुंबले आहे.

पेट्रोलची नळी सोडविण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार काढावी आणि जवळपास विडी-सिगारेट पेटू देऊ नये. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची काहींची रीत आहे. तिने आग लागू शकते. तिचा अवलंब कदापि करू नये.

बदललेले इंधन

जुन्या गाडीच्या मालकास आता आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने 2025 साली गाठले. इथेनॉलला जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या 9 पटच हवा लागते. साहजिकच या मिश्र इंधनाला लागणारी हवा 13.5 पटींच्या आसपास येते. आधुनिक गाडीतील संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवितात. कार्ब्युरेटरला ती दृष्टी नाही. शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेल्या जेटमधून नवे इंधन आले, की मिश्रण सात-आठ टक्क्यांनी विरळ ठरते. जी गाडी पूर्वी जेमतेम निभावून नेत होती, ती या फरकाने अडखळू लागणे अगदी शक्य आहे. एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेट खाली करणारी चाकी थोडी फिरवून हा तोल सावरता येतो.

इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ सोडविते, त्यामुळे गाळणी लवकर तुंबते. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, भेगाळतात. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालणे हा या वयाच्या गाडीवरील सर्वांत निकडीचा खर्च म्हणावा लागेल, कारण येथील गळतीचा संबंध आगीशी आहे.

कोणतीही दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपून ठेवावा आणि मग गाडी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये चालवून पाहावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गाडी सुधारली तरी कारण अज्ञातच राहते आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच खर्च अंगावर येतो. चाचणीसाठी रहदारी नसलेला रस्ता निवडावा. आणि विकार पुरता दूर होईपर्यंत कोणत्याही वाहनाला ओलांडण्याचा मोह टाळावा.