पोस्त, चहापाणी आणि बक्षिसी

दिवाळी जवळ आली की बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून टपालवाल्याची, रखवालदाराची, मोलकरणीची पोस्त आठवणीने बाजूला काढली जाते. आपले गुजराती शेजारी तिला ‘बोणी’ म्हणतात.

गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे मद्यगृहातील नोकराच्या हातावर काय ठेवावे, हा प्रश्न येथे सहसा उद्भवत नाही. तो पडतो परदेशी मुलांकडे गेल्यावर. फ्रेंच आणि जर्मन भाषांत बक्षिसीला शब्दच मुळी ‘पिण्यासाठी पैसे’ अशा अर्थाचा आहे. आपल्या ‘चहापाण्या’चा तो सख्खा भाऊच! फ्रान्सात सेवेचे मोल बिलातच धरलेले असते. वर ठेवायची ती खुशीची चिल्लर. इंग्लंडातील पबमध्ये ‘तुम्हीही एक घ्या’ असे म्हणण्याची जुनी पद्धत आहे. जपानात तर ठेवलेले पैसे नम्रपणे परत केले जातात.

अमेरिकेत मात्र दर पेल्यामागे एकदोन डॉलर न ठेवणे असभ्य समजतात. त्याला कारणही आहे. तेथील केंद्रीय कायद्याने अशा नोकराला मालकाने रोख द्यावयाचे किमान वेतन १९९१ पासून तासाला अवघे २.१३ डॉलर आहे. अनेक राज्यांत ते अधिक असले, तरी इतरत्र त्याचा संसार गिऱ्हाइकाच्या मर्जीवरच चालतो.

तेथे बक्षिसी ही पगाराची उसनी जागा भरते. आपण यंदा पोस्त देताना मोलकरणीचा पगार शेवटी केव्हा वाढवला होता, हेही एकदा आठवून पाहावे.