मराठी भाषाशिक्षकांचा डिजिटल साधनांविषयीचा दृष्टिकोन : एक विवेचन

प्रस्तावना :
अध्यापनात माहिती-तंत्रज्ञानाचा वापर व्हावा यावर गेल्या दोन दशकांत सातत्याने भर दिला गेला आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम असंख्य शिक्षकांनी पूर्ण केला. २०१७ मध्ये केंद्र शासनाने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या विषयास स्वतंत्र प्रकरण लाभले. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तर सर्वच शिक्षकांना पडद्यासमोर आणले. तथापि वर्ग पूर्ववत भरू लागताच भाषेच्या अनेक तासिका पुन्हा खडू-फळ्याकडे वळल्या. यावरून 'भाषाशिक्षक तंत्रज्ञानविरोधी असतात' असा समज रूढ होताना दिसतो. हा समज कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :
फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रतिमानानुसार नव्या साधनाचा स्वीकार प्रामुख्याने दोन जाणिवांवर अवलंबून असतो : साधन उपयुक्त आहे ही जाणीव आणि ते वापरण्यास सुलभ आहे ही जाणीव. पेगी अर्टमर यांनी १९९९ मध्ये शिक्षकांसमोरील अडथळ्यांचे बाह्य व आंतरिक असे वर्गीकरण केले. साधने, वेळ, प्रशिक्षण व तांत्रिक साहाय्य यांचा अभाव हे बाह्य अडथळे होत. तर अध्यापनाविषयीच्या दृढ धारणा हे आंतरिक अडथळे होत. मराठीच्या शिक्षकाचा विचार करताना या दोहोंच्या जोडीला लिपीचा प्रश्नही लक्षात घ्यावा लागतो.

विवेचन :
१) लिपी व टंकलेखन : युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकित होत असे व प्रत्येक फॉन्टची संकेतव्यवस्था वेगळी असे. परिणामी एका संगणकावर तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्येच इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला होता. परंतु अनेकांचा हात इतर कळफलकांवर बसला. 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतील भेद हा मराठीच्या शिक्षकासाठी अर्थभेद आहे. पहिल्यात विद्वान अभिप्रेत आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद कळफलकावर सहज साधत नसेल, तर शिक्षकाचा साधनावरील विश्वास डळमळणे स्वाभाविक आहे. त्यास तंत्रज्ञानविरोध म्हणता येणार नाही. ती भाषेविषयीची दक्षता होय.

२) विषयाचे स्वरूप : बहुपर्यायी प्रश्न, चित्रफिती व सादरीकरण यांत उपलब्ध साधने समर्थ आहेत. व्याकरणातील सरावासाठी त्यांचा उपयोग होतो. परंतु निबंध, रसग्रहण, प्रकट वाचन व हस्ताक्षर ही भाषाध्यापनाची मुख्य अंगे होत. कवितेच्या तासाला शिक्षकाचा आवाज, विराम आणि विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील प्रतिसाद यांना महत्त्व असते. येथे उपयुक्ततेची जाणीव क्षीण होते.

३) परिस्थिती : प्रक्षेपक असलेली एकच खोली, अनियमित वीजपुरवठा आणि साधनांच्या जुळणीत सरणारी तासिका यांमुळे उत्साही शिक्षकही हळूहळू मागे सरतो. प्रशिक्षणे बहुधा यंत्र चालविण्यापुरती मर्यादित राहतात. पुण्या मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, तंत्रज्ञान, अध्यापनशास्त्र व आशय यांचे ज्ञान एकत्र गुंफले गेले तरच ते वर्गात फलद्रूप होते.

४) स्वीकाराची बाजू : जेथे साधन सुलभ होते तेथे याच शिक्षकांनी ते स्वीकारले. टाळेबंदीच्या काळात टंकलेखनाचा सराव नसलेल्या शिक्षकांनीही भ्रमणध्वनीवरून ध्वनिमुद्रित कविता व हस्तलिखित टिपणांची छायाचित्रे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविली. या कृतीत शिक्षकाची स्वतःची पद्धत कायम राहिली व साधन तिच्या सेवेस आले.

उपाययोजना :
भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रारंभ युनिकोड व इन्स्क्रिप्ट टंकलेखनापासून व्हावा. त्यानंतर एकाच पाठावर आधारित प्रात्यक्षिक घ्यावे. उदाहरणार्थ, बोलीतील उताऱ्याचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांकडून करवून घेऊन त्याची प्रमाणभाषेशी तुलना करणे. कोणते साधन केव्हा वापरू नये, हे ठरविण्याचे स्वातंत्र्यही शिक्षकास असावे. साधनवापराची केवळ नोंद मागितल्यास नोंदी वाढतील, अध्यापन सुधारेलच असे नाही.

निष्कर्ष :
मराठी भाषाशिक्षकांचा दृष्टिकोन सरसकट नकारात्मक आहे असे म्हणता येत नाही. तो पारखून घेण्याचा आहे. साधन मराठीच्या लिपीला, आशयाला व वर्गाच्या वास्तवाला अनुकूल असेल तर त्याचा स्वीकार होतो. शिक्षकास उदासीन ठरविल्यास दोष व्यक्तीवर जातो आणि साधनांतील उणिवा तशाच राहतात. त्याची किंमत अंतिमतः मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून शिक्षकाच्या शंकेकडे अडथळा म्हणून न पाहता साधनसुधारणेचा आधार म्हणून पाहणे अगत्याचे आहे.